उद्या काम आहे काय?



चिंता ह्या विषयावर व्याख्यानमालांतून पुष्कळ बोलले जाते. कुणी संतवचनांच्या आधाराने बोलतात, कुणी वैद्यकाच्या. आमच्यापाशी ह्यांपैकी कोणताच अधिकार नाही. आम्ही कामगारांच्या युनियनचे काम करीत आलो. जे काही शिकलो ते कचेरीत, न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि रात्री वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा चिंतेकडे आम्ही आमच्या ओळखीच्या वाटेने, म्हणजे कामगारांच्या इतिहासाच्या वाटेने, जाणार आहोत.

प्रश्न साधा आहे. उद्या काय होणार हे ठाऊक नसताना आजचा दिवस धडपणे कसा काढावा? घरात कुणी आजारी असते, निकाल लागायचा असतो, घरमालकाची नोटीस आलेली असते, तेव्हा हा प्रश्न आपणां सर्वांनाच पडतो. परंतु मुंबईच्या गिरणगावात शंभर वर्षांहून अधिक काळ असा एक वर्ग नांदून गेला, की ज्याला हा प्रश्न रोज पहाटे गिरणीच्या दरवाजावर उभे राहून विचारावा लागे. तो वर्ग म्हणजे बदली कामगार. न कळणाऱ्या उद्याशी त्याने कसा संसार केला, त्यात त्याला काय साधले आणि काय साधले नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे.

दरवाजावरची सकाळ

कावसजी नानाभाई दावर यांनी उभारलेली मुंबईतली पहिली कापसाची गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढच्या तीसचाळीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा भाग धुराड्यांनी भरून गेला. रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर, कोल्हापूर इकडून माणसे आली. त्यांनी गाव सोडले, पण तोडले नाही. पेरणीला, लग्नकार्याला, शिमग्याला, दुखण्यातून उठल्यावर हवापालट करायला ती गावी जात. त्यामुळे कोणत्याही दिवशी गिरणीत काही जागा रिकाम्या असत. साचा उभा ठेवणे मालकाला परवडत नसे. म्हणून दरवाजावर जादा माणसे असावीत अशी सोय पडली आणि गैरहजर कामगाराच्या बदली जो उभा राहील तो बदली.

मालकाच्या दृष्टीने ही सोय फार स्वस्त होती. ज्या दिवशी माणूस हवा त्या दिवशी तो दारात हजर. ज्या दिवशी नको, मालाला उठाव नाही, त्या दिवशी त्याला काही द्यावे लागत नसे. बाजाराची अनिश्चितता अशा रीतीने गिरणीच्या दरवाजातून बाहेर काढली जाई आणि चाळीतल्या चुलीपाशी नेऊन ठेवली जाई. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण पुष्कळदा आपण जिला आपल्या मनाची दुर्बलता समजतो ती चिंता मुळात दुसऱ्या कुणाची तरी असते आणि आपल्या दारात आणून टाकलेली असते.

दरवाजावर निवड करणारा जॉबर. बायकांच्या खात्यांत नाईकीण. कुणाला घ्यावे ह्याला लेखी नियम नव्हता. आपल्या गावचा, आपल्या नात्याचा, दस्तुरी देणारा, घरी भाजी-कोंबडी पोचविणारा, असा कोणताही नियम त्या दिवशी लागू होई. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात जॉबरांच्या ह्या लाचखोरीवर कोरडे ओढले. पण दस्तुरीच्या पैशांहून मोठी किंमत कामगार देत होता. जॉबरच्या कपाळावरची आठी पाहून घरी चूल पेटणार की नाही ह्याचा अंदाज बांधणे, हे त्याचे रोजचे पहिले काम होऊन बसले होते.

न कळण्याचे ओझे

आमच्या तरुणपणी गिरणीतून निवृत्त झालेले एक वृद्ध साचेवाले कचेरीत येऊन बसत. पहिली काही वर्षे ते बदली होते. एकदा आम्ही त्यांना विचारले, "काका, सगळ्यांत वाईट काय होतं? पगार?" ते म्हणाले, "पगाराचं काय, कमी होता ते माहीत होतं. पण सकाळी दरवाजातनं परत फिरायचं आणि चाळीत शिरायचं, ते नको वाटायचं. नळावर बायका असायच्या. सगळ्यांना कळायचं, ह्याला आज घेतला नाही. म्हणून मी दहा वाजेपर्यंत रस्त्यानं हिंडत राहायचो."

ह्या उत्तरात सारे आले आहे. कमी पगाराचा हिशेब मांडता येतो. न कळणाऱ्या पगाराचा मांडता येत नाही. महिन्यात आठ दिवस भरतील की वीस, हे ठाऊक नसले की वाण्याला काय सांगावे, गावी किती पाठवावे, मुलाला शाळेत घालावे की नाही, ह्यांतले काहीच ठरत नाही. मग माणूस उधारीकडे वळतो. १९२१-२२ साली सरकारच्या कामगार कचेरीने मुंबईच्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तीत जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात आढळली. व्याजाचा नेहमीचा दर रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा ७५. शिवाय केलेल्या कामाचा पगार पुढच्या महिन्यात केव्हातरी हाती पडायचा. काही गिरण्यांत एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांचा पगार कापीत. त्याला दुहेरी खाडा म्हणत. एवढ्या गोष्टी दुसऱ्याच्या मर्जीवर असल्या की मन सारखे अंदाज बांधीत राहते. अफवेवर विश्वास बसतो. नवस बोलले जातात. जो कुणी "होईल, होईल" म्हणेल त्याच्यामागे माणूस धावतो.

खोली, खानावळ आणि भिशी

तरीही ही माणसे मोडून पडली नाहीत, हे इतिहासाला नोंदवावे लागते. त्यांनी काय केले? उपदेश त्यांच्यापर्यंत पोहोचत होते. भजनी मंडळे चाळीचाळीतून होती आणि त्यांचा आधारही मोठा होता. पण त्याच्या जोडीला त्यांनी एक अगदी व्यावहारिक युक्ती केली. सगळा उद्या निश्चित करता येत नाही हे ओळखून त्यांनी त्याचे तुकडे पाडले, आणि जेवढे तुकडे आपसांत मिळून पक्के करता येतील तेवढे पक्के केले.

पहिला तुकडा डोक्यावरच्या छपराचा. एका गावच्या मंडळींनी मिळून खोली घ्यावयाची. दहा बाय दहाच्या खोलीत पंधरावीस माणसे. दिवसपाळीची माणसे रात्री निजत, रात्रपाळीची दिवसा. भाडे साऱ्यांत वाटले गेल्याने एखाद्याचे दिवस भरले नाहीत तरी त्याची वळकटी कुणी बाहेर फेकीत नसे. दुसरा तुकडा पोटाचा. खानावळवाली महिनाभर जेवू घाली आणि पैसे पगारानंतर घेई. बदलीवाल्याला आज काम मिळो न मिळो, दोन वेळचे ताट ठरलेले. तिसरा तुकडा अडीनडीचा. त्यासाठी भिशी. दरमहा ठराविक रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकाने उचलायची. आणि चौथा तुकडा म्हणजे गाव. तिथे एखादा बिघा जमीन, म्हातारी आई आणि शेवटचा आसरा.

ह्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. वीस माणसांच्या खोलीत क्षय फार लवकर पसरे. आणि एकाची अनिश्चितता दूर केली म्हणजे ती नाहीशी होत नसे. ती कुणीतरी उचललेली असे. खानावळीचे ताट पक्के होते, कारण खानावळवाली स्वतः वाण्याच्या आणि सावकाराच्या दारी कच्ची होती. १९७४ च्या आरंभी गिरण्यांचा बेचाळीस दिवसांचा संप झाला. तेव्हा ह्या बायांनी दागिने, भांडी गहाण टाकून संपकऱ्यांना जेवू घातले. संप मिटल्यावर कामगारांच्या पाठीशी युनियन होती. ह्या बायांच्या पाठीशी कुणी नव्हते. कामगार चळवळीतून आलेल्या प्रेमा पुरव यांच्या हे लक्षात आले. त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि खानावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. सावकाराचे व्याज गेले, त्याच्या जागी ठरलेला हप्ता आला. साऱ्या गिरणगावाची काळजी वाहणाऱ्या बाईला आपल्या काळजीचा आकडा पहिल्यांदा कागदावर पाहावयास मिळाला.

तारखेचा लढा

आपसांत मिळून जे पक्के करता येत नव्हते ते मालकाकडून आणि सरकारकडून पक्के करून घ्यावे लागले. कामगार चळवळीचा इतिहास सामान्यतः पगारवाढीचा आणि संपांचा म्हणून सांगितला जातो. तो खरा आहे. परंतु जुन्या मागण्या ओळीने वाचल्या तर त्यांत आणखी एक धागा सापडतो. तो तारखेचा धागा.

'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. साडेपाच हजारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात काय मागितले होते? आठवड्यातून एक दिवस सुटी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला संपावे. पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याची सोय व्हावी. पगार वाढवा ही मागणी ह्या यादीत नाही. जे आहे ते बहुतेक सारे 'केव्हा' ह्या प्रश्नाचे उत्तर आहे. रविवारची सुटी १८९० साली मिळाली. पगाराच्या तारखेला मात्र अर्धशतक लागले. १९३६ च्या कायद्याने हजाराच्या आत कामगार असलेल्या कारखान्यात पगार सातव्या दिवसाच्या आत आणि त्याहून मोठ्या कारखान्यात दहाव्या दिवसाच्या आत द्यावा असे ठरविले.

मध्यंतरी १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग शिरला. लाखो लोक शहर सोडून गेले, गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली. १८९७ च्या आरंभी जे कामगार शहरात राहिले त्यांनी महिन्याचा पगार नाकारून रोजचा पगार रोज मागितला, आणि मालकांना तो द्यावा लागला. उद्या जगू की नाही हे कळण्याचा मार्ग नव्हता. निदान आजची मजुरी आज हाती पडावी, एवढे त्यांनी मिळविले. त्याच साथीत लोखंडे गेले.

बदलीवाल्यांच्या बाबतीत १९३५ हे वर्ष महत्त्वाचे आहे. मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने त्या वर्षी बदली-नियंत्रणाची पद्धत आणली. दर महिन्याच्या १ तारखेला ठराविक माणसांना बदलीचे पास द्यावयाचे. त्यांनी रोज सकाळी हजर राहावयाचे. आणि रिकामी जागा पासवाल्यांतूनच भरावयाची. मालकांनी हे दयेपोटी केले नव्हते. गिरण्यांतून निरनिराळ्या पाळ्या चालू लागल्या होत्या, जॉबरच्या मनमानीने त्यांच्याही कामाचा घोटाळा होत होता आणि १९२८ चा सहा महिन्यांचा संप त्यांच्या स्मरणात ताजा होता. पण पास हाती आल्याने कामगाराच्या मनात एक फरक पडला. काम मिळेलच असे नाही. पण 'मी यादीत आहे' हे कागदावर आले. अनिश्चिततेला निदान चौकट आली.

पुढे गोद्यांतही हेच तत्त्व आले. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने नोंदलेल्या कामगाराला, जहाज नसल्यामुळे काम मिळाले नाही तरी, काही किमान पैसे देण्याची वाट मोकळी केली. १९५३ साली औद्योगिक कलहाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ले-ऑफच्या काळात निम्मा पगार मिळू लागला. एका वर्षात २४० दिवस भरले की सलग नोकरी धरली जाऊ लागली आणि असा बदलीवालाही त्या भरपाईस पात्र ठरला. माथाडी कामगारांचा महाराष्ट्राचा कायदा १९६९ चा. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीचे ते फळ. ह्या साऱ्यांत पैसा आहेच. पण त्याहूनही, 'तुमची मर्जी' ह्या शब्दांच्या जागी दिवस, आकडा आणि अनुक्रम आणण्याची ती धडपड आहे.

ज्यांना पास मिळाला नाही

येथे आमच्या चळवळीविरुद्ध साक्ष द्यावी लागते. १९३५ च्या पासाने पासवाल्याला चौकट दिली, पण बिनपासाच्या माणसाला दरवाजावरूनही हाकलले. २४० दिवसांच्या आकड्याने हक्क दिला. पुढे त्याच आकड्याच्या अलीकडे माणसाला घरी बसविण्याची विद्या निघाली. कायम कामगारांच्या युनियनांनी बदलीवाल्यांचा प्रश्न मागण्यांच्या यादीत ठेवला खरा, परंतु पुष्कळदा खालच्या क्रमांकावर. कारण बदलीवाला दारात उभा होता म्हणूनच कायम कामगाराला गावी महिनाभर राहता येत होते. आपल्या निश्चितीचा भार कोण वाहतो आहे, हे पाहण्याची सवय आम्हांलाही नव्हती.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. बदली कामगारांना कायम करा ही त्यात एक मोठी मागणी होती. ह्या संपाचे राजकारण सांगण्याचे हे स्थळ नव्हे. आजच्या विषयाला धरून एकच गोष्ट सांगतो. तो संप विधिपूर्वक मागे घेतल्याचे कधी जाहीर झाले नाही. लाखाहून अधिक माणसांची कामे गेली. पण अमुक दिवशी संपले असा दिवस त्यांना मिळाला नाही. पुष्कळ जण वर्षानुवर्षे 'गिरणी सुरू होईल' म्हणून थांबले. हार पचविता येते, शोक करून उठता येते. पण ज्याला शेवटची तारीखच नाही अशा गोष्टीचा शोकही करता येत नाही.

गिरणी बंद पडल्यावर माणसाचे काय होते ह्याचा एक प्रसिद्ध अभ्यास परदेशात पूर्वीच झाला होता. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारीएन्थाल म्हणून एक खेडे आहे. तिथली कापडगिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी तिथे जाऊन पाहणी केली आणि १९३३ साली पुस्तक प्रसिद्ध केले. बेकार पुरुष रस्त्यातून हळू चालू लागले होते, वाटेत थांबत होते. वेळ भरपूर असूनही वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या निम्म्यावर आली होती. दिवसाचे आधारखांब काढून घेतले की मोकळा वेळही माणसाच्या उपयोगी पडत नाही. हे वाचताना आम्हांला दहा वाजेपर्यंत रस्त्याने हिंडणारे आमचे काका दिसले.

अलीकडे मानसशास्त्रानेही ह्या गोष्टीला हात घातला आहे. कॅनडात, क्वेबेकमध्ये, काही मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली २७ विधानांची एक प्रश्नावली सिद्ध केली. अनिश्चितता माणसाला कितपत सोसते हे तीवरून मोजतात. त्यांचे एक म्हणणे आम्हांला पटले. काळज्या दोन जातींच्या असतात. एक, आज समोर उभ्या असलेल्या अडचणीची; तिच्यावर काही करता येते. दुसरी, 'असे झाले तर?' ह्या कल्पनेची. तिच्यावर कितीही विचार केला तरी काही करता येत नाही, उलट पुन्हापुन्हा कुणाकडून तरी धीर मागितल्याने ती वाढते. गिरणगावाने हे दोन ढीग पुस्तकाशिवायच वेगळे केले होते. एकासाठी भिशी आणि मागण्यांची यादी, दुसऱ्यासाठी रात्रीचे भजन आणि ओट्यावरच्या गप्पा.

फळ्यावरचे तीन रकाने

शेवटी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एक कारखाना अचानक बंद झाला. कामगार रोज संध्याकाळी कचेरीत येत आणि विचारीत, "साहेब, कधी सुरू होणार?" आम्हांला ठाऊक नव्हते. पण त्या चेहऱ्यांकडे बघवेना, म्हणून आम्ही म्हणत असू, "होईल, आठपंधरा दिवसांत होईल." त्यांतल्या एकाने आमच्या ह्या शब्दावर आपल्या मेहुण्याच्या दुकानातले काम नाकारले. आठ महिने तो थांबला. कारखाना कधीच उघडला नाही. तो आम्हांला काही बोलला नाही. फक्त यावयाचा बंद झाला. अनिश्चितता त्याला सोसत नव्हती असे आम्ही समजत होतो. खरे म्हणजे ती आम्हांला सोसली नव्हती, आणि आमच्या सुटकेसाठी आम्ही त्याला खोटी निश्चिती दिली होती.

तेव्हापासून आमच्या कचेरीत एक फळा आहे. त्यावर तीन रकाने असतात: काय कळले आहे, काय कळलेले नाही, आणि पुढचे केव्हा कळेल. तिसऱ्या रकान्यात तारीख लिहिल्याशिवाय कुणी घरी जात नाही. सुनावणीची असो, बैठकीची असो, नाहीतर नुसती 'गुरुवारी सात वाजता पुन्हा भेटू' एवढीच असो. पहिल्या दिवशी लोक नाराज झाले. "एवढंच?" असे विचारू लागले. पण मधल्या दिवसांत कचेरीतले हेलपाटे कमी झाले. गुरुवारपर्यंत काही कळणार नाही हे एकदा कळले की माणूस तोवर घरी जाऊन निजू शकतो, दुसरे काम शोधू शकतो.

आज गिरणीचा भोंगा नाही. पण कंत्राटी कामगार रोज रात्री ठेकेदाराच्या फोनची वाट पाहतो, आणि माल पोचविणारा मुलगा नाक्यावर मोटारसायकल लावून हातातल्या मोबाईलकडे पाहत बसतो. आपण जाता-येता त्याला पाहतो. तिथे जॉबर दिसत नाही, म्हणून त्याला दस्तुरी तरी कुणाला द्यावी हे कळत नाही; पण सकाळ तीच आहे. त्याला 'काळजी करू नकोस' असे सांगणे सोपे आहे. त्यापेक्षा त्याला त्याची यादी, त्याची पाळी आणि त्याची तारीख मिळवून देण्याच्या कामी लागणे अवघड आहे. आणि आपल्या घरी, वेळेवर येणाऱ्या जेवणाच्या डब्यामागे कुणाचा उद्या कच्चा राहिला आहे, हे विचारणे तर त्याहून अवघड.

श्रोतेहो, उद्या कुणालाच संपूर्ण कळणार नाही. ते काका पुढे कायम झाले, निवृत्त झाले, तरी अखेरपर्यंत पहाटे पाचला उठून बसत. आम्ही विचारले, "आता कशाला उठता?" ते म्हणाले, "सवय. पण आता उठतो, चहा घेतो, आणि आज कुठं जायचं नाही हे माहीत असतं." एवढे माहीत असण्यासाठी त्यांना तीस वर्षे आणि त्यांच्या आधीच्यांना तीन पिढ्या लागल्या.